जळगावचं औषध, धुळ्याचं तूप

माझ्या मुलीला पहिला झटका आला तेव्हा ती अजून चालायलाही लागली नव्हती. आता ती तेवीस वर्षांची आहे. मधल्या काळात अपस्मारावर जेवढी औषधं बाजारात आली तेवढी तिने घेऊन पाहिली. काहींनी झटके कमी झाले, काहींनी केस, आणि एकाने यातलं काहीच न होता नुसतं वजन वाढलं.

तिचे झटके लोकांच्या कल्पनेतले नाहीत. हातपाय झाडणं नाही, तोंडाला फेस नाही. दिव्याचं बटण बंद करावं तसं तिचं शरीर क्षणभर बंद होतं आणि पुन्हा सुरू होतं. अडचण एवढीच, की तेवढ्यात जमीन येऊन लागते. तिच्या कपाळावरच्या टाक्यांवरून आमच्या घराचा नकाशा काढता येईल. एक ओट्याच्या कोपऱ्याचा आहे, एक मोरीच्या उंबऱ्याचा, आणि डाव्या भुवईवरचा शोकेसचा, ज्यात माझ्या नवऱ्याला दीपनगरच्या वीजकेंद्रात मिळालेली सन्मानचिन्हं ठेवली होती. ते शोकेस आम्ही काढून टाकलं. सन्मानचिन्हं माळ्यावर गेली आणि कुणालाही त्यांची आठवण झाली नाही.

मी जळगावच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. तिथे सगळेच शिकलेले असल्यामुळे सल्ल्यांचा दर्जा वरचा असतो. गावाकडे कांदा हुंगवा म्हणतात. आमच्याकडच्या एका विभागप्रमुखांनी घराचा दरवाजा पूर्वेला घ्यायला सांगितलं. कांदा निदान भाजीत घालता येतो.

मुलीला स्वतःला काय हवं होतं, ते तिने बारावीनंतर सांगून टाकलं होतं. तिला धुळ्याला जाऊन आत्याकडे राहायचं होतं आणि शिवणकाम शिकायचं होतं. आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. यजमान गेल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायचं दुकान काढलं. दोन मशिनी, कापायचं एक टेबल, आणि कोपऱ्यात खाली बसून साड्यांना फॉल लावणारी शेजारची खाला. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी तिथे जायची आणि हुक-बटणं लावायची. मशीनला मात्र तिला कुणी हात लावू देत नसे. सुई, कात्री, चालतं चाक आणि आमची मुलगी यांना एका जागी आणायची कुणाचीच हिंमत नव्हती.

"झटके थांबले की जा," असं आम्ही म्हणायचो. असं म्हणण्यात काही जबाबदारी नसते. ती दर वर्षी विचारायची आणि आम्ही दर वर्षी तेच म्हणायचो.

त्या औषधाचं नाव आम्ही पहिल्यांदा ऐकलं ते एका जनजागृती कार्यक्रमात. सभागृह मोठं होतं. मंचावर इतके मान्यवर होते की अपस्माराचे रुग्ण श्रोत्यांपेक्षा वक्त्यांमध्ये जास्त असावेत अशी शंका यावी. दीपप्रज्वलन पंख्यामुळे होईना, म्हणून पंखे बंद केले. ते नंतर पुन्हा लावायचं राहून गेलं. शाल आणि श्रीफळ यांचं वाटप झालं. एका पाहुण्यांनी या आजाराविषयी बोलताना थोर जगज्जेत्यांची यादी वाचली, ज्यांना म्हणे हाच आजार होता. माझ्या शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, "आई, यांच्यातलं कुणी ब्लाउज शिवत होतं का?"

शेवटी नाशिकहून आलेल्या मेंदूच्या डॉक्टरांना बोलायला दिलं. चहा आल्यामुळे निम्मं सभागृह उठलं होतं. तरुण माणूस, मूळचा कोकणातला, एक शनिवार सोडून जळगावला तपासायला येणारा. मुलीवर त्याचे उपचार नुकतेच सुरू झाले होते. त्याने सांगितलं, की कितीही औषधं दिली तरी काहींचे झटके आटोक्यात येत नाहीत, आणि अशा काही प्रकारांत भांगेच्या झाडापासून काढलेल्या एका द्रव्याचा उपयोग होताना दिसतो. नशा आणतो तो भाग त्यात नसतो. काहींचे झटके कमी होतात, काहींना काहीच फरक पडत नाही. "पूर्ण थांबतील असं मी कुणालाही सांगणार नाही," तो म्हणाला.

त्या दिवशी मंचावरून ऐकलेलं हे एकमेव वाक्य होतं ज्यात एक तरी गोष्ट होणार नाही असं म्हटलं होतं. मला माणूस विश्वासाचा वाटला.

घरी आल्यावर नवऱ्याने आधी खिडक्या लावून घेतल्या. तो कायद्याला धरून चालणारा माणूस आहे. सिग्नल बंद असला तरी थोडा वेळ थांबतो. सातपुड्याच्या पायथ्याशी तुरीच्या शेतात कुणी गांजा लावला आणि पोलिसांनी धाड घातली, अशा बातम्या आमच्याकडच्या पेपरात नेहमीच्या. त्याच्या डोळ्यांपुढे ती शेतं, ती धाड आणि त्यात आपली स्कूटर असं काहीतरी आलं असावं.

"आपण पोरीला भांग द्यायची?" त्याने विचारलं.

"डॉक्टर लिहून देतील. अफूपासूनही औषधं निघतात. तुझ्या आईला शेवटच्या आजारात दिलं होतं की."

"ते वेगळं. आई म्हातारी होती."

शेवटी मुलीनेच विचारलं, "पप्पा, मी म्हातारी होईपर्यंत थांबायचं का?" आणि तो विषय मिटला.

डॉक्टरांनी औषध लिहून दिलं. नवऱ्याने चिठ्ठीच्या झेरॉक्स काढल्या, आणि मूळ चिठ्ठी सदैव जवळ असावी, घामाने खराब होऊ नये, म्हणून ती झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणली. तिला ओळखपत्रासारखी चकाकी आली. औषधाच्या दुकानदाराने ती उलटीसुलटी केली आणि विचारलं, "भाऊ, यावर शिक्का कुठे मारू?" प्लास्टिकवर शाई बसेना. नवी चिठ्ठी आणायला पुन्हा डॉक्टरांची शनिवारची पाळी येईपर्यंत थांबावं लागलं. लॅमिनेट केलेली चिठ्ठी नवरा तरीही पाकिटात बाळगत होता.

औषध आलं ते एका छोट्या काचेच्या बाटलीत. तिळाच्या तेलात विरघळवलेलं, सोबत बिनसुईची सिरिंज. थेंबाथेंबाने सुरू करून आठवड्याआठवड्याने वाढवायचं. त्याला गवताची चव आहे असं मुलगी म्हणाली. आधीच्या गोळ्या चालूच ठेवायच्या होत्या. मी ते सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी, अनशापोटी द्यायला लागले. आमच्या माहेरी, मुक्ताईनगरकडे, औषध म्हटलं की ते अनशापोटीच. पोट भरलेलं असेल तर औषध अन्नात हरवतं, असं माझी आई म्हणायची, आणि ते मला इतकं पटलेलं होतं की कधी तपासून पाहावंसंही वाटलं नाही. एरवी मी सगळं तपासते. या झाडाविषयी आणि त्याच्या रसायनाविषयी जे मिळालं ते सगळं मी वाचून काढलं होतं. बाटलीच्या खोक्यातल्या घडी घातलेल्या कागदावरच्या मुंगीएवढ्या इंग्रजी ओळी तेवढ्या राहिल्या.

दोनेक महिन्यांत फरक दिसायला लागला. ती पडायची, पण रोज पडेना. मध्येच एखादा अख्खा आठवडा जायचा आणि आम्ही त्याविषयी बोलायचं टाळायचो, दृष्ट लागेल म्हणून. माझा दृष्टीवर विश्वास नाही. तरी मीही बोलले नाही.

मग तिने पुन्हा विचारलं, आणि या वेळी "झटके थांबले की" म्हणायला आमची जीभ वळेना. ठरलं असं, की महिनाभर धुळ्याला राहून पाहायचं. औषध वेळेवर घ्यायचं, एकटीने रस्ता ओलांडायचा नाही, आणि काही बिघडलं तर परत यायचं. हे शेवटचं कलम नवऱ्याचं. मुलीने सगळं मान्य केलं. एसटीत पारोळा येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. पारोळा गेल्यावर म्हणाली, "आई, परत यायला लागलं तर मी पुन्हा विचारणार नाही." तक्रारीचा सूर नव्हता. मला नुसतं कळवून ठेवलं होतं.

पहिला आठवडा फोनवर सगळं छान चाललं होतं. दुसऱ्या आठवड्यात तिचं बोलणं लांबायला लागलं. शब्द नीट यायचे, पण प्रत्येक शब्द दमून आल्यासारखा. एक दिवस तिने वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि मग फोनवर तिचा श्वास ऐकू येत राहिला. झोपली होती. नवऱ्याने त्याच दुपारी रजा टाकली आणि आम्ही धुळे गाठलं.

मुलगी कापायच्या टेबलावर डोकं ठेवून बसली होती. आम्हाला बघून हसली, उठली, आणि दोन पावलं चालताना भिंतीचा आधार घेतला.

"अक्का, औषध किती देता?" मी विचारलं.

"तू सांगेल शे तितलंच. मी कसाले ज्यादा देसू वं?"

"मग ही अशी का झाली?" नवऱ्याचा आवाज चढला. "नशा केल्यासारखी चालते."

"पप्पा, मी ऐकतेय," मुलगी सावकाश म्हणाली.

"झोप यी राहिनी तिले," अक्का म्हणाल्या. "झोप काय वाईट शे? इतला दिनमां पोर एकदाबी पडनी नही. ते कोनी इचारस नही."

आम्ही खरंच विचारलं नव्हतं. पण तेव्हा ते ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. नवऱ्याने ठरवून टाकलं होतं: भांग ती भांग, आज ना उद्या डोक्यात चढणारच. औषध आजपासून बंद. मी म्हटलं, एकदम बंद केलं तर झटके उसळून येतात, डॉक्टरांनी बजावलं होतं. तो म्हणाला, मग डॉक्टरांना विचारून बंद. खाला फॉल लावता लावता थांबली होती. "बच्ची अच्छी भली मेहनत करती है," एवढंच म्हणाली आणि पुन्हा सुई चालवायला लागली.

मुलीने पिशवी भरली. तिने स्वतः कापलेला एक ब्लाउज टेबलावर तसाच होता. तिने त्याची घडी घातली आणि ती अक्कांच्या हातात दिली.

जळगावला आल्यावर दोन दिवसांत तिची झोप उतरली. डोळे स्वच्छ झाले, बोलणं पूर्वीसारखं धारदार झालं. तिसऱ्या दिवशी ती बेसिनपाशी पडली आणि तिची हनुवटी फुटली. तेच औषध, तीच सिरिंज, तेवढेच थेंब. धुळ्याला झोपते पण पडत नाही, जळगावला पडते पण झोपत नाही. नवरा म्हणाला, हवामान असेल. वीजकेंद्रात काही कळेनासं झालं की तिथेही हेच म्हणतात.

शनिवारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सिरिंज मागून घेऊन बघितली, मुलीला सरळ रेषेत चालायला लावलं. मग विचारलं, "औषध जेवणाआधी देता की नंतर?"

"अनशापोटी," मी म्हणाले. मला वाटतं थोडं अभिमानानेच म्हणाले.

"आणि धुळ्याला?"

"आत्या म्हणते, उपाशीपोटी औसद देतस का कोनी," मुलीने सांगितलं. "म्हणून बट्टी खाऊन झाल्यावर."

"बट्टी म्हणजे ते राजस्थानचं?"

खानदेशात हे विचारणाऱ्या माणसाला मेंदूचं कितीही कळत असलं तरी त्याची दया येते. मुलीने त्याला समजावलं. जाडसर गव्हाचं पीठ, ते मळून आधी उकडायचं, मग कापायचं, मग तळायचं. मग ताटात कुस्करून त्यावर तूप.

डॉक्टर लिहायचे थांबले. "तळून झाल्यावर पुन्हा तूप?"

"हो. आणि वरणावर वेगळं."

"रोज?"

"रोज नाही. मध्ये खिचडी असते. तिच्यावर कच्चं तेल. आत्या म्हणते, बिगर तूपनी बट्टी म्हंजे दगड शे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते साधं होतं. हे औषध तेलातुपात विरघळणारं. पोट रिकामं असलं तर त्यातलं थोडंच अंगात जातं, बाकीचं वाया. तुपकट जेवणाबरोबर तेच औषध कितीतरी जास्त जातं. म्हणजे बाटली एकच, पण दोन घरांत मुलीच्या रक्तात दोन वेगवेगळी औषधं पडत होती. शिवाय जास्त गेलं की ते तिच्या जुन्या एका गोळीचा जोर वाढवतं, आणि झोप येते ती मुख्यतः त्या गोळीमुळे. "रोज एकाच पद्धतीने घ्या, असं मी म्हणालो होतो," ते म्हणाले. "तुम्ही काय खाता ते विचारायला हवं होतं. मला वाटलं, पोळी-भाजी खात असाल."

"म्हणजे भांग चढली नव्हती?" नवऱ्याने विचारलं. त्याला खात्री करून घ्यायची होती.

"चढलं असेल तर तूप."

बाहेर पडेपर्यंत आमच्याकडे नवी योजना होती. यकृतासाठी रक्त तपासायचं, कारण या औषधात ते अधूनमधून बघावंच लागतं. जुनी गोळी हळूहळू कमी करायची. आणि औषधासोबत काय खायचं ते एकदा ठरवून घ्यायचं. काय खाता याला फार महत्त्व नाही, डॉक्टर म्हणाले, दोन्ही घरी तेच आणि तेवढंच हवं.

घरी येऊन फोन स्पीकरवर टाकला आणि जळगाव व धुळे यांच्यात बोलणी सुरू झाली. मी दूध-पोळी सुचवली. अक्का म्हणाल्या, "ती पोर शे, मुंगी नही." त्यांनी शेवभाजी सुचवली, वरच्या तर्रीसकट. नवऱ्याने मध्यममार्ग म्हणून उपमा काढला, तो दोन्ही बाजूंनी नाकारला गेला. माझ्या अनशापोटीचा अक्कांनी उल्लेख केला नाही. त्यांच्या न बोलण्यातून तो मला स्वच्छ ऐकू आला.

बराच वेळ ऐकून घेतल्यावर मुलगी म्हणाली, "एक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर दोन चमचे तेल. सकाळी आणि संध्याकाळी. दोन्हीकडे तेच. मी मोजून घेईन, तुम्ही कुणी वाढायचं नाही."

"हाई काय जेवन शे?" पलीकडून आलं.

"हाई औसद शे, आत्या. बट्टी दुपारले."

मग अक्कांनी विचारलं, "दुपारले तूप चालस का?" डॉक्टरांना फोन केला. चालतं म्हणाले. तह झाला.

भाकरी आणि चटणीवर काही आठवडे जळगावातच काढले. झोप गेली. झटके जवळजवळ धुळ्याला होते तितके कमी राहिले. अगदी थांबले नाहीत. अधूनमधून एखादा येतो, पण येण्याआधी तिला हल्ली किंचित सुगावा लागतो आणि ती जिथे असेल तिथे खाली बसते. डॉक्टर याला काय म्हणतात मला माहीत नाही. ती म्हणते, "बसायला वेळ मिळतो."

या वेळी तिने विचारलंच नाही. पिशवी भरली आणि पप्पांना म्हणाली, सुट्टी असेल त्या दिवशी सोडायला या. नवरा तिला सोडायला गेला, आणि तिथे गेल्यावर त्याच्यातला वीजकेंद्राचा माणूस जागा झाला. त्याने एका मशीनची मोटर काढून ती पायाने चालवायची केली. पाय थांबले की सुई थांबते. कडेच्या टेबलाच्या कोपऱ्यांना त्याने जुन्या टायरच्या पट्ट्या ठोकल्या. अक्कांनी मशीनच्या बाजूला गादी टाकली. खालाला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना मुलीने स्वतः समजावून सांगितलं: मी पडले तर कुशीवर करायचं, तोंडात काही घालायचं नाही, धरून ठेवायचं नाही, आणि लांबलं तर फोन. कांदा कुणी आणला तर तो चिरायला लावीन.

शेजारपाजारी अजूनही म्हणतात की अमक्यांच्या पोरीला भांगेने गुण आला. महाशिवरात्रीला एका काकांनी नवऱ्याला थांबवून आपल्या गुडघ्यांसाठी थोडी मिळेल का विचारलं. नवऱ्याने त्यांना डॉक्टरांकडे जायला सांगितलं. चिठ्ठी दाखवली की नाही ते मी विचारलं नाही. अक्का मात्र भांगेचं श्रेय मान्य करत नाहीत. त्यांच्या मते पोर तुपाने सुधारली आणि नाशिकच्या डॉक्टरला ते उशिरा कळलं. शास्त्राच्या दृष्टीने हे चूक आहे, पण कुठून खोडायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

परवा तिचा फोन आला. एका नवरीच्या पाच ब्लाउजांचं काम तिच्याकडे आलं आहे, त्यातल्या एकाची बाही तिला उसवावी लागली, कापड सरकणारं आहे, नवरीची आई रोज येऊन बसते आणि प्रत्येक टाक्यावर मत देते. बाही हा विषय बराच वेळ चालला. मग मध्येच म्हणाली, "अगं हो, सोमवारी मला एक झटका आला होता. छोटा. खालाने कुशीवर केलं."

फोन आला त्या दिवशी गुरुवार होता.

"लागलं का कुठे?"

"नाही गं. गादीवरच होते. तू ऐक ना, रेशमाला अस्तर आधी जोडायचं की नंतर? आत्या म्हणते आधी."

मला अस्तराचं काही कळत नाही, असं मी सांगितलं. ती म्हणाली, ते मला माहीत आहे, पप्पांना दे. पप्पांनाही कळत नव्हतं, पण ते उठून बसले आणि कापडाची जाडी विचारायला लागले. मी आत गेले आणि चहा ठेवला. परत आले तेव्हा फोन संपला होता.

"रविवारी येतेय का?" मी विचारलं.

"नाही म्हणाली. लग्नसराई आहे."